दार्जिलिंगच्या काचेवरचे ठिपके

आपला तळहात क्षणभर आडवा धरा. साधारण दर सेकंदाला एक म्यूऑन त्यातून आरपार निघून जातो. ना चटका, ना स्पर्श. अंतराळातून येणारे विश्वकिरण हवेच्या अणूंवर आदळतात, त्यातून हे कण जन्मतात आणि सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या जेमतेम दुप्पट काळात संपतात.

मी भौतिकशास्त्राचा विद्यार्थी नाही. त्यामुळे मला साधा प्रश्न पडला : असल्या कणाचं वजन कुणी, कसं केलं? उत्तर शोधता शोधता मी कलकत्त्याच्या बिभा चौधुरींपाशी येऊन पोचलो.

१९१३ साली जन्मलेल्या बिभाताई १९३६ मध्ये कलकत्ता विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम. एस्सी. झाल्या, वर्गात त्या एकट्याच मुलगी. पुढे जगदीशचंद्र बोस यांचे भाचे देबेंद्रमोहन बोस यांच्यासोबत त्यांनी संशोधन सुरू केलं. साधन काय, तर फोटोच्या काचेच्या प्लेट्स! विश्वकिरण उंचावर अधिक मिळतात, म्हणून या प्लेट्स दार्जिलिंगला आणि बारा हजार फुटांवरच्या संदकफूला महिनोन्‌महिने ठेवल्या. विद्युतभारित कण प्लेटवरच्या थरातून गेला, की वाटेतले चांदीच्या क्षाराचे कण बदलतात. प्लेट धुतली, की सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या ठिपक्यांची रांग दिसते. ठिपके किती दाट आणि रांग किती वेडीवाकडी, यावरून कणाच्या वजनाचा अंदाज बांधता येतो. आपल्याकडे वाळूवरच्या पावलांवरून माणूस ओळखणारे पागी असत, तसंच हे.

बोस आणि चौधुरी यांना आढळलेला कण इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशे पट जड होता. १९४० ते १९४२ या काळात ‘नेचर’मध्ये त्यांचे निबंध आले. पण मोजमाप पक्कं करायला अधिक संवेदनशील प्लेट्स हव्या होत्या आणि महायुद्धामुळे त्या मिळेनात. काम तिथंच थांबलं.

युद्ध संपलं. ब्रिस्टलमध्ये सेसिल पॉवेल यांच्या गटाला नव्या, सुधारित प्लेट्स मिळाल्या. १९४७ मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की कण एक नसून दोन आहेत : पायॉन, आणि तो फुटून निघणारा म्यूऑन. १९५० चं नोबेल पॉवेल यांना मिळालं.

मग ही चोरी म्हणायची का? मला तसं वाटत नाही. दोन कण वेगळे करून दाखवले ते ब्रिस्टलनेच. शिवाय बोस-चौधुरींनी ही वाट आधी दाखवली होती, हे पॉवेल यांनी आपल्या ग्रंथात नोंदवलं आहे. परक्यानं नोंद ठेवली, ती आपण वाचली नाही, खंत याची आहे.

बिभाताई १९४५ मध्ये मँचेस्टरला ब्लॅकेट यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. १९४९ मध्ये होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या. तिथल्या त्या पहिल्या महिला संशोधक. म्हणजे काही वर्षं त्या आपल्या मुंबईतच होत्या. तरी १९९१ मध्ये त्या गेल्या, तेव्हा किती मुंबईकरांना हे नाव ठाऊक होतं? मलाही नव्हतं.

२०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेनं एका ताऱ्याला ‘बिभा’ हे नाव दिलं. तो सुमारे ३४० प्रकाशवर्षं दूर आहे. नुसत्या डोळ्यांना तोही दिसत नाही, दुर्बीण लागते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)