घराभोंवतालची बाग : पहिल्या भेटीपासून पक्क्या आराखड्यापर्यंत

घर बांधतांना मनुष्य गवंड्याचा, सुताराचा, पाथरवटाचा सल्ला घेतो. परंतु घराभोंवतालच्या मोकळ्या जागेचा प्रश्न निघाला म्हणजे चार कुंड्या आणून ठेवल्या कीं काम झालें, अशी त्याची समजूत असते. बाग ही लावावयाची वस्तु आहे, योजावयाची नव्हे, हा समज फार जुना आहे. तो खोडून काढणाऱ्या माणसांचा इतिहास मोठा उद्बोधक असून त्याचा एक धागा थेट ठाण्यापर्यंत येऊन पोंचतो.

इंग्लंडांत हंफ्रे रेप्टन (१७५२–१८१८) नांवाचा गृहस्थ व्यापारांत अपयश आल्यावर १७८८ सालीं बागरचनेच्या धंद्यांत शिरला. त्याच्या आधींचा विख्यात रचनाकार ब्राउन हा बागेचें काम मक्त्यानेंच घेई. रेप्टननें निराळी वाट धरली. तो मालकाच्या घरीं जाई, सारी जागा पायांखालीं घाली, टिपणें करी, आणि मग तांबड्या कातड्यांत बांधलेलें एक हस्तलिखित पुस्तक मालकाच्या हातीं देई. त्यांत जलरंगांत काढलेलीं चित्रें असत व चित्रावर कागदाची एक झडप असे. झडप खालीं असतां जागेची आजची स्थिति दिसे. ती उचलली कीं उद्यांची बाग डोळ्यांपुढें उभी राही. नकाशा सर्वांस वाचतां येत नाहीं, चित्र मात्र सर्वांस कळतें, हें त्यानें ओळखलें होतें. तथापि तो केवळ सल्ला देणारा असल्यामुळें त्याच्या पुष्कळ योजना पुस्तकांतच राहिल्या. मालकाचें मन चित्रानें मोहून जातें. पण जें मनापासून पटत नाहीं तें हातून घडत नाहीं.

हें पटविण्याचें शास्त्र ज्यानें पुढें नेलें तो पॅट्रिक गेडिस हा मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ. डंडी येथें तो त्या विषयाचा प्राध्यापक होता. स्कॉटलंडांतील डन्फर्मलिन गांवच्या उद्यानाविषयीं त्यानें १९०४ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत जागेच्या कोपऱ्याकोपऱ्याचीं छायाचित्रें घेऊन मगच सूचना केल्या आहेत. आधीं पाहणी, मग निदान आणि शेवटीं उपचार, असा त्याचा वैद्याचा क्रम होता. १९१४ सालीं तो हिंदुस्थानांत आला, आणि १९१५ मध्यें त्यानें मुंबई इलाख्यांतील ज्या शहरांविषयीं अहवाल लिहिले त्यांत ठाणेंही होतें. जुन्या वस्तींतून रुंद रस्ते सरळ कापीत नेण्यास त्याचा विरोध असे. तळीं व विहिरी बुजविण्याची त्या काळीं अहमहमिका लागली असतां, पाण्यामुळें हवा थंड राहते आणि डासांचा बंदोबस्त मासे व बदकें करूं शकतात, असें तो आग्रहानें सांगे. तलावांचें शहर म्हणून नांवाजलेल्या ठाण्यास हा विचार परका वाटण्याचें कारण नाहीं. १९१९ सालीं मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचें अध्यासन निघालें, तेव्हां त्यावर पहिली नेमणूक त्याचीच झाली.

परंतु त्याची खरी कसोटी लागली ती तुकोजीराव होळकरांच्या इंदुरांत. शहरांत प्लेगानें धुमाकूळ घातला होता. हातांत नकाशा घेऊन हा दाढीवाला साहेब गल्लोगल्लीं हिंडूं लागला, तेव्हां लोक त्याच्याकडे बोट दाखवूं लागले. चौकशी केली तों कळलें कीं, ‘प्लेग आणणारा तो म्हातारा साहेब हाच’ अशी सर्वत्र वदंता आहे! नकाशा काढणारा येतो तो घर पाडावयासच, हा लोकांचा अनुभव असल्यामुळें त्यांना दोष तरी कसा द्यावा? गेडिसनें एका दिवसापुरता महाराजांचा अधिकार मागून घेतला आणि दिवाळीची मिरवणूक काढविली. ज्या वस्तींत जास्तींत जास्त घरें झाडूनपुसून स्वच्छ होतील, त्या वस्तींतून मिरवणूक जाणार असें जाहीर झालें. घरोघरीं सफाईची चढाओढ लागली. मिरवणुकींत प्रचंड उंदीर व डास यांचीं सोंगें होतीं, सफाई कामगारांना मानाचें स्थान होतें, आणि लोकांना तुळशीचीं रोपें वांटण्यांत आलीं. ज्याची भीति वाटत होती त्याचेंच बोलणें लोक ऐकूं लागले. इंदूरचा त्याचा दोन खंडांचा अहवाल १९१८ सालीं बाहेर पडला. पण त्याचें पहिलें पान लोकांच्या अंगणांत लिहिलें गेलें होतें.

आतां कोपरसारख्या ठिकाणचें उदाहरण घ्यावें. दिवा व डोंबिवली यांच्या मधलें हें स्टेशन. खालून मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग, वरून दिवा-वसई मार्ग. जवळच खाडी, खाजण आणि तिवरांची झाडी. इमारतींच्या दाटींतही एखाद्या बैठ्या घरापुढें अंगण, एखाद्या सोसायटीमागें मोकळी पट्टी उरलेली असते. तेथें बागेचा जाणकार बोलावला तर पहिल्या भेटींत त्यानें पेन्सिल खिशांतच ठेवावी. वाळवण कोठें पडतें, मुलें कोठें खेळतात, आजोबा संध्याकाळीं कोठें बसतात, झाडांना पाणी घालणार कोण, हें त्यानें विचारावें. आणि घरच्या मंडळींनीं खर्चाची मर्यादा मोकळेपणानें सांगावी.

दुसरी पायरी पाहणीची. ऊन कोणत्या बाजूनें येतें, आषाढांत पाणी कोठें तुंबतें, हातभर खड्डा खणल्यावर भरावाची माती लागते कीं खारट, हें पाहून असलेली विहीर व प्रत्येक जुनें झाड नकाशावर आधीं मांडावें. जें कागदावर येत नाहीं तें कुदळीखालीं जातें. तिसरी पायरी कच्च्या आराखड्यांची. येथें दोनतीन पर्याय पुढें ठेवून मनसोक्त वाद व्हावा. कारण कागदावरची रेघ रबरानें पुसतां येते, ओतलेलें कांक्रीट पुसतां येत नाहीं. शेवटीं पक्का आराखडा : उतार व पाण्याचा निचरा, पायवाटा, झाडांचीं नांवें, दोन झाडांमधलें अंतर आणि खर्चाचा अंदाज. आज वीतभर दिसणारें आंब्याचें रोप उद्यां छपरावर येणार, हें त्यांत आजच दिसलें पाहिजे. परक्या माळ्यानें तो कागद हातीं घेऊन बिनचूक काम केलें, तर आराखडा पुरा झाला असें समजावें.

हें सारें विलायती आहे असें मात्र कोणीं म्हणूं नये. दारापुढें तुळशीवृंदावन, मागें विहीर, न्हाणीचें पाणी जेथें जाईल तेथें केळी व अळू, ही कोंकणांतील परसबागेची मांडणी पाहणी केल्यावांचून का सुचली असेल? तेथें योजणारा आणि राहणारा एकच होता, म्हणून कागदाची गरज पडली नाहीं. आज ते दोघे निराळे झाले आहेत. त्यांच्यामधलें अंतर विश्वासानें भरून काढणें, हेंच पहिल्या भेटीपासून पक्क्या आराखड्यापर्यंतच्या साऱ्या खटाटोपाचें प्रयोजन होय.