न्हाणी, मोरी आणि बाथरूम

परवा अष्टमीहून आत्याचा फोन आला. "अरे, मिस्त्री आलाय आणि विचारतोय, बाथरूम कुठल्या स्टाइलची करायची? मी म्हटलं, जीत माणूस पडत नाही त्या स्टाइलची कर बाबा!"

आत्या ८४ वर्षांची आहे. मागच्या गणपतीत, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, ती आंघोळ करून उठताना घसरली. मनगट मोडलं. आणि ज्या लादीवर ती घसरली ती मी निवडली होती! १९९४ साली, मोठ्या हौसेने. त्यामुळे यावेळी बाथरूमचं काम निघालं तेव्हा मी जरा गप्पच होतो.

बाकीचे मात्र गप्प नव्हते. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर नुसती चित्रं. वहिनीला हॉटेलसारखी पांढरीशुभ्र हवी, काचेच्या पार्टिशनची. पुतण्याला करडं सिमेंट आणि काळे नळ, म्हणजे 'इंडस्ट्रियल'. अमेरिकेतल्या चुलतभावाला 'हेरिटेज' हवी. काळा दगड, तांब्याचं घंगाळ, कोनाड्यात पणती, आजोबांच्या वेळची न्हाणी होती ना, अगदी तश्शी! तो लहानपणी मे महिन्यात पंधरा दिवस यायचा. पाणी तापलेलं असायचं, त्याने फक्त अंगावर घ्यायचं. त्याला ती न्हाणी आवडणारच.

तर मंडळी, त्या न्हाणीपासूनच सुरुवात करतो.

ज्यांना अष्टमी माहीत नाही त्यांच्यासाठी : कुंडलिकेच्या एका काठाला रोहा आणि दुसऱ्या काठाला आमचं अष्टमी. मधे पूल. नगरपालिका दोघांची एकच. पूर्वी रेवदंड्याच्या खाडीतून माल घेऊन गलबतं वर यायची. आमचं घर जुन्या पद्धतीचं. पुढे ओटी, मग माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी, आणि पडवीच्या टोकाला, विहिरीच्या बाजूला, न्हाणी. जमिनीला घडीव काळा दगड, कडेला चुलवण, त्यावर कायमचा चढवलेला तांब्याचा हंडा, आणि एका अंगाला पाणी वाहून जायला भोक. ते पाणी पन्हळीतून थेट केळीला आणि अळवाला.

दगड काळाच का? कारण तो इथलाच. आपल्याकडचा जवळपास सगळा सह्याद्रीच बसाल्टचा. तो पाणी फारसं पीत नाही, धुराने आणि तेलाने आणखी काळा होतो पण खराब दिसत नाही, आणि टाकीने टिचलेला असला की ओल्या पायालाही धरून ठेवतो. तांबं का? ते उष्णता झटकन घेतं आणि चिंचेने घासलं की पुन्हा लख्ख होतं. पुढे बंब आला. मधे जाळाचा नळा, भोवती पाणी, खाली राखेची जाळी. म्हणजे गिझरचा आजोबाच. पुण्याच्या तांबट आळीत बंब घडवणारे तांबट मूळचे कोकणातले, पेशवाईत घाटावर गेलेले.

इथपर्यंत चुलतभावाचं म्हणणं बरोबर. साहित्य उत्तमच होतं.

पण मी आत्याला विचारलं, "तुला हवी का तशी न्हाणी परत?" तर म्हणाली, "पाणी कोण काढणार? तू?" मग तिने हिशेबच मांडला. घरात बारा माणसं. माणशी दोन कळश्या धरल्या तरी चोवीस कळश्या, म्हणजे पोहरा किती वेळा खाली सोडायचा? पहाटे साडेचारला चुलवण पेटवायचं. पावसाळ्यात ओली लाकडं, डोळ्यांत धूर. कढत पाण्यात विसण घालून घंगाळ भरून ठेवायचं. आणि दर आठवड्याला दगडावरचं शेवाळ राखेने आणि नारळाच्या शेंडीने घासून काढायचं. दगड धरून ठेवायचा तो या घासण्यामुळे! "आणि आम्ही बायका शेवटी आंघोळ करायचो, उरलेल्या कोमट पाण्याने," हे तिने सहज सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे.

आमच्या ओटीवर मात्र रंगीत लाद्या आहेत. तांबडं-पिवळं नक्षीकाम, अजून शाबूत. अशा सिमेंटच्या लाद्या पूर्वी परदेशातून यायच्या. १९२२ साली सिधवा या पारशी कुटुंबाने आपल्याच जिल्ह्यात, उरणला, त्यांचा कारखाना काढला, तो 'भारत टाइल्स'. नाव भारत, कारण काळ स्वदेशीचा. ही लादी भट्टीत भाजत नाहीत. साच्यात रंगीत सिमेंट ओतायचं, मागे कोरडं मिश्रण भरायचं, दाबयंत्राखाली दाबायचं आणि पाण्यात मुरवायचं. हे सगळं स्वदेशी सौंदर्य ओटीवर. जिथे पाहुणा बसतो तिथे नक्षी, जिथे घरातली बाई राबते तिथे टिचलेला दगड. घरात पैसा कुठे खर्च झालाय ते पाहिलं की घरात कोणाला मान होता ते कळतं, असं मला हल्ली वाटायला लागलंय.

मग आली मोरी. १९६०-७०च्या सुमाराला काकांनी विहिरीवर पंप बसवला, वर टाकी, आणि न्हाणी पडवीतून आत सरकली. जमिनीला शहाबादी फरशी आली. ही कर्नाटकातल्या गुलबर्ग्याजवळच्या शहाबादची. मुंबईहून रायचूरकडे जाणारी रेल्वे १८७१ साली पुरी झाली आणि मग ही फरशी महाराष्ट्रभर पसरली. घडीव काळ्या दगडापेक्षा कितीतरी स्वस्त, कारण ती खाणीतच थरांनी सुटते, फार घडवावी लागत नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. शहाबादी काय, कडप्पा काय, कोटा काय, हे सगळे चुनखडीचे दगड. त्यांच्यावर ॲसिड ओतलं की फसफसून वरचा थर जातो. आमच्या मोरीची फरशी आम्ही अशीच ॲसिडने 'स्वच्छ' करून संपवली.

आणि १९९४ साली मी, नवा नोकरीवाला, घराला माझा हात लागावा म्हणून, चकचकीत लाद्या आणल्या. सिरॅमिक टाइल्स तोवर सगळीकडे झाल्या होत्या. जॉन्सनने १९५८ साली ठाण्यात भारतात त्या करायला सुरुवात केली होती, आणि पुढे मोरबीने तर देशच व्यापला. (त्या भागात हा धंदा रुजवणाऱ्यांत परशुराम गणपुले हे मराठी गृहस्थ होते, हे किती जणांना माहीत आहे?) दुकानदाराने भिंतीला आणि जमिनीला एकाच रंगाची जोडी दाखवली, मी खूश. कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही, की भिंतीची लादी आणि जमिनीची लादी या वेगळ्या जाती आहेत. भिंतीची आतून सच्छिद्र, वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिणारी, वर काचेचा लेप. व्हिट्रिफाइड लादी अर्ध्या टक्क्याच्या आतच पाणी पिते. आणि काचेच्या लेपावर साबण आणि पाणी यांचा पातळ थर बसला की पायाखाली काहीच उरत नाही. तीस वर्षं ती लादी आत्याची वाट बघत होती म्हणा ना.

असो. आता खरी गोष्ट.

मिस्त्रीने मागची भिंत फोडायला घेतली. मोरीला लागून जुन्या संडासाची खोली आहे, ती मिळवून एकच मोठी बाथरूम करायची होती. गिलावा पडला तसं खाली, जमिनीलगत, विटांनी बुजवलेलं एक चौकोनी भोक निघालं. दीड फूट बाय दीड फूट. मिस्त्री तिशीतला. त्याने फोटो पाठवून विचारलं, "ही खिडकी कसली? इतकी खाली?" चुलतभावाचं लगेच उत्तर, "वॉव! बुजवू नका. हा कोनाडा तसाच ठेवून आत लाइट लावू."

तो कोनाडा नव्हता. टोपलीच्या संडासाचं ते मागचं दार. वर आमच्या घरातली माणसं बसायची, खाली टोपली. रोज सकाळी बाहेरच्या बोळातून एक बाई यायची, पत्र्याची झडप वर करायची, टोपली ओढायची, रिकामी करायची आणि डोक्यावरून घेऊन जायची. मी चार-पाच वर्षांचा असेन. तिच्या बांगड्या वाजलेल्या मला आठवतात. तिचा चेहरा आठवत नाही, कारण ती कधी पुढच्या बाजूला आलीच नाही. फोन करून आत्याला विचारलं, काकांना विचारलं, तिचं नाव काय होतं? कोणालाच सांगता येईना. आमच्या विहिरीत पडलेल्या मांजराचं नाव मात्र काकांना आठवलं.

आणि असं नव्हे की कोणी काही बोलत नव्हतं. याच कोकणात अप्पासाहेब पटवर्धन होते. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी मागणी केली की मला भंगीकाम द्या. उच्चवर्णीय कैद्याला ते द्यायला सरकार तयार नाही, म्हणून त्यांनी अन्न सोडलं, आणि येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी त्यांना साथ दिली. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी खताचे संडास करून दाखवले, ज्यात कोणाला कोणाची घाण उचलावी लागत नाही. मुंबई सरकारने १९४९ साली या कामगारांच्या हालअपेष्टांसाठी बर्वे समिती नेमली. तरी आमच्या घरात झडप वाजतच होती. ती बुजली सत्तरच्या दशकात, सेप्टिक टँक झाला तेव्हा. टोपलीच्या संडासांवर बंदी घालणारा कायदा १९९३चा, आणि नंतर आणखी कडक करावा लागला तो २०१३ साली.

ज्या वस्तूने हे घडवलं तिच्याकडे कोणी बघतही नाही. भांड्याखालचा तो वाकडा पाइप! १७७५ साली अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने पाइपाला बाक दिला. त्या बाकात थोडं पाणी कायम अडून राहतं आणि खालचा वास वर येत नाही. एवढंच. पण त्यामुळेच संडास परसातून घरात येऊ शकला. आपल्याकडे १९७०नंतर सुलभ संस्थेने जास्त उताराचं भांडं वापरलं, ते दीड-दोन लिटर पाण्यात धुऊन निघतं, म्हणजे नळ नसलेल्या घरातही चालतं. पांढरं भांडं म्हटलं की आपल्याला शोरूम आठवतं. मला आता तो बोळ आठवतो.

पाण्याचंही तसंच. आमच्या कुंडलिकेला भर उन्हाळ्यातही पाणी असतं, ते भिऱ्यामुळे. टाटांच्या भिरा वीजघरातून १९२७पासून मुळशी धरणाचं पाणी सह्याद्री उतरून कुंडलिकेत येतं. त्या धरणाखाली बुडालेल्या गावांसाठी सेनापती बापटांनी सत्याग्रह केला होता. पुतण्याने निवडलेला छताएवढा शॉवर मिनिटाला पंधरा लिटर पाणी सोडतो. आत्याची आंघोळ अख्खी एका बादलीत होते.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. दोन दिवस कोणी काही बोललं नाही. मग चुलतभावाचा मेसेज आला, "सॉरी. मला माहीत नव्हतं. बुजवून टाका." आत्या म्हणाली, "बुजवा. पण पोरांना सांगा तिथे काय होतं ते."

तर शेवटी ठरलं ते असं. जमिनीला मॅट लादी, आर-११ प्रतीची, एक फुटाची. मोठ्या लाद्यांपेक्षा लहान लादीला सांधे जास्त, पाय धरतो. उतार शंभराला एक. भिंतीला पांढरी साधी चकचकीत, कारण तिथे चकाकी चालते. नळ क्रोमचे, काळे नाहीत. शेजारच्या चाचींकडे वजूसाठी बसायला जसा उंचवटा आहे तसा आंघोळीला एक दगडी बाक, जुन्या न्हाणीच्याच काळ्या दगडाचा. कमोडजवळ आणि बाकाजवळ स्टीलची धरायची दांडी, विटेत पक्की बसवलेली. दार बाहेर उघडणारं, म्हणजे आत कोणी पडलं तर दार अडणार नाही. हंडा ओटीवर गेला, त्यात वहिनीने मनीप्लांट लावलाय. चालायचंच :-)

कुठली स्टाइल म्हणायची ही? मिस्त्रीने वहीत लिहिलंय 'आत्या स्टाइल'.

गेल्या रविवारी जाऊन आलो. आत्या बाकावर बसून आंघोळ करून आली, केस पुसत म्हणाली, "बरी झालीय." जिथे ते भोक होतं तिथे आता पांढरी भिंत आहे. पुतण्याची मुलगी सात वर्षांची आहे. तिला तिथे उभं करून मी सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, "मग त्या बाई त्यांच्या घरी आंघोळ कुठे करायच्या?"

मला सांगता आलं नाही.