पाळलेल्या कासवाला नवे घर देताना

घरात कासव असले की लक्ष्मी नांदते, या समजुतीने किंवा मुलांच्या हट्टाखातर मत्स्यालयाच्या दुकानातून तळहातावर मावेल एवढे हिरवे पिल्लू आणले जाते. काही वर्षांत ते ताटाएवढे होते. पाणी वारंवार बदलावे लागते, दुर्गंधी सुटते आणि भिवंडीसारख्या दाट वस्तीच्या शहरातील लहान सदनिकेत मोठ्या टाकीला जागा उरत नाही. अशा वेळी वऱ्हाळा तलाव किंवा कामवारी नदीचे पाणी जवळचे वाटू लागते. मात्र दयाबुद्धीने सुचलेला हा मार्ग कासवाला आणि तलावालाही घातक ठरतो.

प्रथम जात ओळखावी

दुकानातून आणलेले पाणकासव बहुधा ‘रेड-इअर्ड स्लायडर’ असते. डोळ्यांमागे दोन्ही बाजूंना असलेला लाल पट्टा आणि मानेवरील पिवळ्या रेषा ही त्याची खूण. वय वाढल्यावर हा पट्टा फिकट होऊ शकतो. अमेरिकेतील मिसिसिपी नदीचे खोरे ही त्याची मूळ भूमी. मादी २५ ते ३० सेंटीमीटरपर्यंत वाढते आणि योग्य निगा राखल्यास हे कासव २० ते ३० वर्षे सहज जगते.

घरातील कासव भारतीय असेल, तर प्रश्न वेगळा आहे. तळ्यात आढळणारे फ्लॅपशेल, काळ्या पाठीवर पिवळे ठिपके असलेले पाणकासव आणि जमिनीवर राहणारे स्टार कासव या जातींना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. २०२२ च्या दुरुस्तीनुसार अशा गुन्ह्याला ३ ते ७ वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. अशी कासवे नातेवाइकांना अथवा मित्रांना देणे हा उपाय नव्हे. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर स्वतःहून कळवावे आणि कासव अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करावे. जातीविषयी शंका असली, तरीही प्रथम तेथेच विचारावे.

तलावात का सोडू नये?

भिवंडी तालुक्यातीलच वज्रेश्वरीच्या मंदिरात पायरीवर कोरलेले कासव कूर्म म्हणून पूजिले जाते. कासवाविषयीच्या या आदरातूनच त्याला पाण्यात सोडणे पुण्यकर्म वाटते. परंतु आयुष्यभर हातातून दाणे खाल्लेल्या कासवाला अन्न शोधण्याची आणि शत्रूपासून लपण्याची सवय नसते. त्यातील अनेक उपासमारीने मरतात.

जी तगतात, ती स्थानिक कासवांचे अन्न आणि ऊन खाण्याच्या जागा बळकावतात व नवे रोग पसरवतात. जगातील शंभर घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत स्लायडरचा समावेश आहे. केरळमध्ये त्रिशूर जिल्ह्यातील कालथोड येथे २०१८ मध्ये हे कासव आढळल्यानंतर तेथील वन संशोधन संस्थेने, पाळलेली स्लायडर पाण्यात न सोडता आपल्याकडे आणून देण्याचे आवाहन केले होते. विहीर आणि देवळाचे कुंड यांनाही हाच नियम लागू आहे.

नवा मालक निवडताना

स्लायडर देण्याआधी पशुवैद्याकडून त्याची तपासणी करून घ्यावी. मऊ पडलेले कवच, सुजलेले डोळे किंवा एका कुशीवर कलून पोहणे ही आजाराची लक्षणे असतात. त्यानंतर नव्या मालकाला पुढील गोष्टी विचाराव्यात.

टाकी केवढी आहे? कवचाच्या प्रत्येक इंचामागे सुमारे ४० लिटर पाणी, असा ढोबळ हिशेब आहे. आठ इंचांच्या कासवाला त्यामुळे तीनशे लिटरहून अधिक पाणी लागते आणि त्या पाण्याचेच वजन तीनशे किलोंपेक्षा जास्त भरते.

ऊन कोठून मिळणार? पाण्याबाहेर पूर्ण कोरडे होता येईल अशी जागा आणि सूर्यप्रकाश अथवा अतिनील किरणांचा दिवा नसेल, तर कवच ठिसूळ होते.

बागेतील तळे असल्यास भोवती कुंपण आहे का? पावसाळ्यात पाणी भरले की कुंपणाविना कासव नाल्यात जाते आणि टाळू पाहिलेली आपत्तीच ओढवते.

घरात पाच वर्षांखालील मूल आहे का? कासवांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. याच कारणास्तव अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. कासव हाताळल्यावर साबणाने हात धुणे अत्यावश्यक आहे.

‘कासव फुकट देणे आहे’ असे जाहीर केल्यास पुनर्विक्री करणारेही येतात. म्हणून टाकी प्रत्यक्ष पाहिल्याविना कासव देऊ नये.

सोपवताना

हवा खेळणाऱ्या डब्यात ओला पंचा अंथरून कासव न्यावे. प्रवासात डब्यात पाणी भरू नये, कारण उलटे पडलेले कासव त्यात बुडू शकते. सोबत टाकी, दिवा आणि नेहमीचे खाद्य द्यावे. वय, आहार व आजार यांची नोंद लिहून द्यावी आणि सांभाळणे न जमल्यास कासव परत घेण्याची तयारी दाखवावी.

योग्य घर लवकर मिळेलच असे नाही. मिळेपर्यंत कासव आपल्याकडेच ठेवणे, ही ते आणताना पत्करलेल्या जबाबदारीची अखेरची अट आहे. आणि दुकानात नवे पिल्लू पाहून मन मोहवले, तर पुढील वीस-तीस वर्षांचा हिशेब आधी मांडावा.