सतत शाईपुरवठा यंत्रणा (घरगुती फोटो-प्रिंटर)

घरगुती फोटो-प्रिंटरला लहान कार्ट्रिजऐवजी मोठ्या टाक्यांतून शाई पुरवणारी रचना. दुकानदारांच्या बोलीत ‘टँकवाला प्रिंटर’.

आधी आला जुगाड. कार्ट्रिजच्या प्रिंटरला बाहेरून टाक्या, सिलिकॉनच्या बारीक नळ्या आणि आपोआप रिसेट होणाऱ्या चिपा जोडायच्या. बाजार हातचा जातो हे पाहून एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात टाकीसकट प्रिंटर विकायला काढला. पाठोपाठ कॅनन आणि एचपीही त्याच वाटेने गेल्या. आज नव्याने घेणाऱ्याने जुगाडाच्या फंदात पडू नये. हाताशी जुना, धडधाकट प्रिंटर असेल तरच तो परवडतो, आणि तेव्हाही टाक्या प्रिंटरच्याच टेबलावर हव्यात. उंच ठेवल्या तर शाई हेडमधून गळते, फार खाली गेल्या तर नळीत हवा शिरून फोटोवर पट्टे उमटतात.

फोटोसाठी खरा प्रश्न शाईचा. चार रंगांच्या प्रिंटरवर चेहऱ्याच्या उजळ भागात बारीक दाणे दिसतात. एप्सन एल८०५ सारख्या सहा रंगांच्या प्रिंटरमध्ये फिकी निळी व फिकी गुलाबी शाई जादा असल्याने त्वचा आणि आकाश नितळ येते. त्याच्या ७० मिलिच्या सहा बाटल्यांत ४×६ इंची सुमारे १,८०० फोटो निघतात, असा कंपनीचा दावा आहे. कॅनन जी२००० मध्ये काळी शाई पिगमेंट, बाकीच्या डाय. तकतकीत कागदावर ती काळी वापरलीच जात नाही. तीन रंग मिसळून काळा केला जातो, म्हणून गडद केस थोडे मऊ दिसतात. पासपोर्ट फोटोला एवढे चालते, भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोला नाही. स्वस्त बाटल्यांची शाई पहिल्या दिवशी छान दिसते, पण उन्हात टांगलेला फोटो लवकर उडतो. दोन कंपन्यांच्या शाया एका टाकीत कधीही मिसळू नयेत.

दुरुस्तीचे अंतरही मोजावे. उदाहरणार्थ, हट्ट्याचे (जि. बालाघाट) हट्टा रोड हे गोंदिया-बालाघाट लोहमार्गावरचे स्थानक, म्हणजे तिथून बिघडलेला प्रिंटर घेऊन यातल्या एका शहराची वारी ठरलेली. कॅननच्या या मालिकेत हेड घरीच बदलता येते. एप्सनचे हेड टिकाऊ, पण कायम बसवलेले आणि महाग. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात नोझल सुकतात, तेव्हा आठवड्याला एक तरी रंगीत पान काढावे. पावसाळ्यात कागद पाकिटात बंद ठेवावा, नाहीतर तो ओल धरून वाकतो.

हेड साफ करताना वाहून गेलेली शाई आतल्या पॅडमध्ये साठते आणि तो भरल्याची मोजणी झाली की प्रिंटर अडून बसतो. महिन्याला जेमतेम दहाबारा फोटो काढणाऱ्या घराने म्हणूनच फोटो लॅबमध्ये द्यावेत. अशा घराची बरीच शाई हेड धुण्यातच जायची.