ज्येष्ठांच्या आठवणी : ऑनलाइन मुलाखत कशी घ्यावी, कशी जपावी

बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. तेव्हा दहा-बारा वर्षांची असलेली मंडळी आज नव्वदीच्या घरात आहेत. संस्थानचे हुकूम आणि अहवाल कागदावर आहेत. पण रावपुरा, दांडिया बाजार येथील मराठी घरांत त्या वेळी काय बोलणे झाले, नोकरी-पेन्शनची काळजी कशी वाटली, हे या मंडळींनाच ठाऊक. त्यांपैकी अनेकजण आता मुलांकडे परगावी किंवा परदेशी असतात. म्हणून ऑनलाइन मुलाखतीची ही माहिती आम्ही सभासदांसाठी एकत्र केली आहे.

साधने
झूमच्या मोफत खात्यात एक बैठक ४० मिनिटे चालते. ज्येष्ठांना एका वेळी तेवढे पुरे होते. उरलेले दुसऱ्या दिवशी घ्यावे. मोफत खात्याचे रेकॉर्डिंग संगणकावर होते, मोबाइलवर नाही. त्यामुळे मुलाखत घेणाऱ्याने लॅपटॉप वापरावा. प्रत्येकाचा आवाज वेगळ्या फाइलमध्ये साठवण्याची सोय सेटिंगमध्ये आहे, ती आधीच चालू करावी. बैठक संपल्यावर फाइल तयार होईपर्यंत लॅपटॉप बंद करू नये. गुगल मीटच्या मोफत खात्यात रेकॉर्डिंगची सोय नाही.

इंटरनेटवरून येणारा आवाज मध्येच तुटतो. म्हणून बोलणाऱ्यांच्या जवळ दुसरा मोबाइल ठेवून त्यावर व्हॉइस रेकॉर्डरही चालू ठेवावा. पंखा आणि टीव्ही बंद असावेत. आदल्या दिवशी पाच मिनिटांची चाचणी घ्यावी.

संमती
संमती आजी-आजोबांची स्वतःची हवी; मुलाने किंवा सुनेने दिलेली चालणार नाही. रेकॉर्डिंग सुरू होताच तारीख, दोघांची नावे आणि उद्देश सांगून विचारावे, “आजी, हे मंडळाच्या संग्रहासाठी रेकॉर्ड होते आहे. आपली हरकत नाही ना?” उत्तरही रेकॉर्डमध्ये यावे. नको असेल तो प्रश्न सोडता येईल आणि केव्हाही थांबता येईल, हेही सांगावे.

यंत्र लावून देण्यास नातवंडांची मदत लागतेच. मात्र घरच्यांसमोर काही गोष्टी बोलल्या जात नाहीत. जोडणी झाल्यावर त्यांनी शेजारच्या खोलीत बसावे, अशी विनंती आधीच करावी.

प्रश्न
“विलीनीकरणाचे आपले मत काय?” असे विचारल्यास दोन वाक्यांत उत्तर संपते. “त्या दिवशी घरी कोण कोण होते? बातमी कोणी आणली?” असे विचारल्यास आठवण उलगडते. बोलणे थांबले की लगेच पुढचा प्रश्न टाकू नये, थोडे थांबावे. सन चुकला तरी मध्ये टोकू नये, टिपून ठेवून शेवटी विचारावे.

नंतरचे काम
फाइलला तारीख, नाव आणि भाग क्रमांक त्याच दिवशी द्यावा. तीन प्रती ठेवाव्यात : एक लॅपटॉपवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक क्लाउडवर. मूळ फाइलमध्ये काटछाट करू नये. संपादन प्रतीवर करावे. तासाभराचे बोलणे उतरवून काढण्यास चार-सहा तास सहज लागतात. बोलण्यात आलेले गुजराती शब्द तसेच ठेवावेत, बडोद्याची मराठी तीच आहे.

उतरवलेला मजकूर बोलणाऱ्यांना वाचून दाखवावा. वाटणी, भांडण, एखाद्या हयात नातेवाइकाविषयीचे बोलणे यांवर त्या वेळी पुनर्विचार होऊ शकतो. त्यांनी “एवढे काढा” म्हटले, तर ते काढावे. मुलाखत सर्वांसाठी खुली, फक्त सभासदांसाठी, की काही वर्षांनंतर खुली, हेही त्यांनीच ठरवावे आणि मंडळाच्या नोंदवहीत तसे लिहून घ्यावे.

आठवण त्यांची आहे, आपण ती सांभाळणारे. हा विश्वास टिकला, तरच पुढचे घर आपल्यासाठी दार उघडेल.