‘पाळीव प्राणी’ व ‘सेवाप्राणी’ : एका संज्ञाभेदाचा इतिहास

अंधांसाठी वाटाड्या कुत्री पद्धतशीरपणे तयार करण्याचा उपक्रम पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबुर्ग येथे १९१६ साली सुरू झाला. मॉरिस फ्रँक हा अंध अमेरिकन तरुण १९२८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये शिक्षण घेऊन ‘बडी’ या कुत्रीसह मायदेशी परतला. १९२९ साली त्याने डोरोथी युस्टिस यांच्यासमवेत ‘द सीइंग आय’ ही संस्था स्थापिली. बडीमुळे रहदारीचे रस्ते त्याला सुगम झाले. हॉटेलांची दारे मात्र बंदच राहत. तेथील नियमांना कुत्रा हा केवळ ‘पाळीव प्राणी’ म्हणूनच ठाऊक होता.

अपंगांविषयीच्या १९९० च्या अमेरिकन कायद्याखालील नियमांनी १९९१ मध्ये ‘सेवाप्राणी’ या संज्ञेची व्याख्या केली. २०११ पासून ती कुत्र्यापुरती मर्यादित झाली. अपंगत्वाशी निगडित विशिष्ट काम शिकविलेले असणे हा या व्याख्येचा गाभा होय. केवळ सान्निध्याने धीर देणारा कुत्रा तीत बसत नाही. हॉटेलचालकास प्रमाणपत्र मागता येत नाही. गरज उघड दिसत नसेल, तर दोनच प्रश्न विचारता येतात : कुत्रा अपंगत्वामुळे आवश्यक आहे काय, आणि त्याला कोणते काम शिकविले आहे? पाळीव प्राण्यांसाठीचे जादा शुल्कही आकारता येत नाही.

येथे संज्ञा बदलली ती निव्वळ शब्दसौष्ठवासाठी नव्हे. प्राणी कोणता, याबरोबरच तो काय करतो, हा प्रश्न निर्णायक ठरला. आणि पूर्वी मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेला प्रवेश प्रवाशाचा हक्क झाला.