रिकाम्या चौकटींचा इतिहास

सन १८६९ च्या मार्च महिन्यात रशियाची तत्कालीन राजधानी सेंट पीटर्सबर्ग येथे एक पानी तक्ता छापून काही रसायनशास्त्रज्ञांकडे धाडण्यात आला. तोवर ज्ञात असलेली ६३ मूलद्रव्ये त्यात अणुभारांच्या चढत्या क्रमाने मांडली होती. मांडणीचे फारसे नवल नव्हते. तसे प्रयत्न युरोपात काही वर्षे चालूच होते. नवल होते ते नावांच्या जागी घातलेल्या प्रश्नचिन्हांचे. एका प्रश्नचिन्हापुढे ४५ हा आकडा होता, दुसऱ्यापुढे ६८, तिसऱ्यापुढे ७०. जे पदार्थ कोणी पाहिलेच नव्हते, त्यांचे अणुभार मात्र आधीच ठरवून दिलेले!

हा तक्ता दिमित्री इव्हानोविच मेंडेलीव्ह यांचा. सायबेरियातील तोबोल्स्क येथे १८३४ साली त्यांचा जन्म झाला. वडील शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांची दृष्टी गेली आणि संसाराचा भार आई मारिया यांच्यावर आला. माहेरच्या मंडळींचा काचेचा कारखाना चालवून त्यांनी मुलांना वाढविले. १८४८ साली तो कारखानाही आगीत गेला. तेव्हा धाकट्या मुलाला घेऊन त्यांनी मॉस्को गाठले. तेथील विद्यापीठाने प्रवेश नाकारला, म्हणून त्या सेंट पीटर्सबर्गला गेल्या. १८५० साली तेथील अध्यापक-प्रशिक्षण संस्थेत मुलाला जागा मिळाली आणि त्याच वर्षी मारिया वारल्या. पुढे द्रावणांवरील आपला ग्रंथ मेंडेलीव्ह यांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. आवर्तसारणीचा जनक हा शिक्षक होण्यासाठी शिकलेला मनुष्य होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण सारणीचा जन्म झाला तो पाठ्यपुस्तक लिहिताना.

विद्यापीठात शिकविण्यासाठी रशियन भाषेत मनाजोगे पुस्तक मिळेना, म्हणून ते स्वतःच लिहू लागले. क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन यांचा गट संपला, सोडियम-पोटॅशियमचा सुरू झाला. यापुढचे प्रकरण कोणते? प्रश्न एवढाच होता आणि तो कोणत्याही शिक्षकाच्या परिचयाचा आहे. सारणी त्यांना स्वप्नात दिसल्याची कथा नेहमी सांगितली जाते. त्या काळातील त्यांचे जे कच्चे कागद उरले आहेत ते मात्र खोडाखोडीने भरलेले आहेत. स्वप्नापेक्षा त्या खोडाखोडीवर विश्वास ठेवलेला बरा.

तीन वर्षांपूर्वी, १८६६ साली, जॉन न्यूलँड्स यांनी लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे अष्टकांचा नियम मांडला होता. सप्तकात ‘सा’पासून आठवा स्वर पुन्हा ‘सा’ यावा, तसे दर आठव्या मूलद्रव्यापाशी गुणधर्म परत येतात, असे त्यांचे म्हणणे. मूलद्रव्ये वर्णानुक्रमे लावून पाहिली होती का, असा खवचट प्रश्न त्यांना सभेत विचारला गेला. तो उपहास अन्यायाचाच होता. परंतु त्यांच्या त्या तक्त्यात एक खरा दोष होता: एकही जागा रिकामी नव्हती. क्रम सलग ठेवण्यासाठी कोबाल्ट आणि निकेल यांना एकाच चौकटीत बसवावे लागले होते.

मेंडेलीव्ह यांनी नेमके उलट केले. अणुभाराच्या क्रमाने जस्तानंतर आर्सेनिक येत होते. ते लगतच्या चौकटीत लिहिले असते तर ॲल्युमिनियमच्या गटात गेले असते. पण आर्सेनिकचे गुणधर्म फॉस्फरसशी जुळतात, ॲल्युमिनियमशी नव्हे. म्हणून आर्सेनिकला त्याच्या घरी पोचवून मधल्या दोन चौकटी त्यांनी मोकळ्या सोडल्या. एक ॲल्युमिनियमच्या गटातील, दुसरी सिलिकॉनच्या. या अनामिकांना त्यांनी ‘एका-ॲल्युमिनियम’ आणि ‘एका-सिलिकॉन’ अशी तात्पुरती नावे दिली. तिसरे ‘एका-बोरॉन’. मँगनीजच्या गटात तर ‘एका’ आणि ‘द्वि’ असे दोघे होते. ही संस्कृत संख्यावाचके पाहून कोणत्याही भारतीय वाचकाला आनंद होतो. ब्योटलिंक आणि रोथ यांचा प्रचंड संस्कृत-जर्मन कोश त्याच काळात सेंट पीटर्सबर्गमधून प्रसिद्ध होत होता, हे खरे. मात्र पाणिनीच्या वर्णमालेवरून सारणी सुचली, असे जे उत्साहाने सांगितले जाते, त्याला पुरावा नाही.

१८७१ सालच्या निबंधात या तीन अनामिकांचे अणुभार, घनता आणि त्यांच्या संयुगांची रूपे मेंडेलीव्ह यांनी लिहून ठेवली. यात धोका होता. गुळमुळीत भाकीत कधी खोटे ठरत नाही. आकड्यांत केलेले भाकीत कोणीही तराजू घेऊन खोटे पाडू शकतो.

१८७५ साली लकॉक द ब्वाबोद्राँ या फ्रेंच रसायनज्ञाला पिरेनीज पर्वतातील जस्ताच्या खनिजाच्या वर्णपटात दोन अनोळखी जांभळ्या रेषा दिसल्या. त्याने नव्या धातूला गॅलियम नाव दिले. हा तळहातावर वितळणारा धातू. त्याची घनता त्याने मोजली, ती ४.७ भरली. मेंडेलीव्ह यांनी कळविले की हा आपला एका-ॲल्युमिनियम आहे आणि घनता ५.९ च्या आसपास असायला हवी. नमुना शुद्ध नसावा. ज्याने तो धातू डोळ्यांनी पाहिला, हाताने तोलला, त्याला हजारो किलोमीटर दूर बसलेला, तो कधीही न पाहिलेला मनुष्य चूक दाखवीत होता. लकॉकने गॅलियम पुन्हा शुद्ध केला, पुन्हा तोलला. घनता ५.९ आली.

१८७९ साली स्वीडनमध्ये निल्सन यांना स्कँडियम सापडले; तेच एका-बोरॉन. १८८६ साली जर्मनीत फ्रायबर्ग येथे क्लेमेन्स विंक्लर एका खनिजाचे पृथक्करण करीत होते. सर्व घटकांची बेरीज दर वेळी सुमारे सात टक्क्यांनी कमी पडे. ही तूट प्रयोगातील त्रुटी म्हणून सोडून देणे सोपे होते. विंक्लर यांनी ती सोडली नाही आणि तिच्यातून जर्मेनियम निघाले. एका-सिलिकॉनचा अणुभार ७२ सांगितला होता; जर्मेनियमचा ७२.३ भरला.

तरीही सारणीत एक खटकणारी जागा उरलीच. टेल्युरियमचा अणुभार आयोडीनपेक्षा जास्त भरे, पण गुणधर्मांनुसार टेल्युरियम आधी यायला हवे. मेंडेलीव्ह यांनी ते आधीच ठेवले आणि अणुभार चुकीचा मोजला गेला आहे, असे ठासून सांगितले. गॅलियमच्या बाबतीत हाच पवित्रा यशस्वी झाला होता. येथे तो फसला. कितीही वेळा मोजले तरी टेल्युरियम जडच भरे. क्रम बरोबर होता, कारण चुकीचे होते. आणि १९०७ साली मेंडेलीव्ह निवर्तले तेव्हाही खरे कारण कोणाला ठाऊक नव्हते.

ते सापडले अणूच्या आत. (महाराष्ट्राबाहेर शिकणाऱ्या मराठी मुलांना येथे जरा जपावे लागते, मराठीतला अणू हिंदीत परमाणु होतो आणि हिंदीतला अणु म्हणजे मराठीतला रेणू.) अणूच्या मध्यभागी धनप्रभारित केंद्रक असल्याचे रदरफोर्ड यांनी १९११ साली दाखविले. त्यांच्याच हाताखालचे तरुण संशोधक हेन्री मोझली यांनी १९१३ साली निरनिराळ्या मूलद्रव्यांतून निघणाऱ्या क्ष-किरणांची वारंवारता मोजली. तिचे वर्गमूळ एका मूलद्रव्याकडून पुढच्याकडे जाताना ठरावीक पायरीने वाढत होते. ही पायरी केंद्रकावरील एकेका धनप्रभाराची होती. मूलद्रव्याची ओळख त्याच्या वजनात नसून या प्रभाराच्या संख्येत, म्हणजे अणुअंकात आहे. कोबाल्ट निकेलपेक्षा किंचित जड असूनही आधी का येते, ते आता उघड झाले: एकाचा अणुअंक २७, दुसऱ्याचा २८. त्याच न्यायाने टेल्युरियम ५२ आणि आयोडीन ५३.

या शोधाने रिकाम्या जागांचे स्वरूपच पालटले. अणुभारांच्या दोन आकड्यांमध्ये किती मूलद्रव्ये दडली आहेत हे सांगणे अवघड होते. पूर्णांकांत मात्र गळालेला आकडा लपत नाही. ॲल्युमिनियमपासून सोन्यापर्यंत ४३, ६१ आणि ७५ या तीन जागा रिकाम्या आहेत, असे मोझली यांनी १९१४ साली लिहिले. त्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि ते सैन्यात दाखल झाले. १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीच्या रणांगणावर गोळी लागून त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे २७ वर्षे.

त्यांच्या तीन जागांपैकी ७५ वी, म्हणजे मेंडेलीव्ह यांचे द्वि-मँगनीज, १९२५ साली जर्मनीत ऱ्हेनियमच्या रूपाने भरली. ४३ वी, म्हणजे एका-मँगनीज, भरण्यासाठी १९३७ साल उजाडले. इटलीतील पालेर्मो येथे पेरिए आणि सेग्रे यांना ते मूलद्रव्य अमेरिकेतील सायक्लोट्रॉनमधून आलेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यात मिळाले. त्याला टेक्नेशियम म्हणतात. ६१ वी जागा सर्वांत शेवटी, १९४५ साली, अमेरिकेतील ओक रिज येथे युरेनियमच्या विखंडनातून उरलेल्या द्रव्यांत सापडली. ही दोन्ही मूलद्रव्ये किरणोत्सारी आणि पृथ्वीच्या वयाच्या मानाने अल्पायुषी. कोणत्याही खाणीत त्यांचा साठा मिळणे शक्यच नव्हते.